सोनेगाव ते बेगमपेठ, उरकुडाभाऊंच्या कोसात

मैलाचा दगड दिसला की सिंदेवाहीचे उरकुडाभाऊ त्याच्याकडे खोट्या साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहत. "दगडाले काय समजते? तो चालते का?" त्यांचा कोस बापजाद्यांचा. निघताना हिरवी डहाळी तोडायची आणि हातात धरून चालायचं. पानांनी मान टाकली की कोस संपला. त्यामुळे नवरगाव उन्हाळ्यात चार कोस लांब असे आणि पावसाळ्यात एकही नसे.

मी भाताच्या संशोधन केंद्रावर नवा नोकर, भाऊ माझे शेजारी. त्यांच्या कोसाला मी मनसोक्त हसायचो. पण पहिल्याच वर्षी मला हिवतापानं लोळवलं, तेव्हा याच माणसानं उशाशी बसून मला पेज पाजली होती.

लेकीचं स्थळही त्यांनी याच कोसानं पाहिलं. जावई हैदराबादला रेल्वेत. भाऊ भर श्रावणात आगगाडीच्या खिडकीबाहेर डहाळी धरून गेले; पावसानं ती शेवटपर्यंत तजेलदार राहिली. "एका कोसाच्या आत पोरगी देऊन राह्यलो!" म्हणत त्यांनी आळीला जेवण घातलं. उन्हाळ्यात भेटीला निघाले, तर बल्लारशाच्या आधीच पान करपलं. तेव्हापासून लेक किती कोसांवर, हा विषय ते टाळत.

पुढच्या वर्षी लेकीला, यमुनाला, दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी आणावं, तर घरात बाईमाणूस नाही. आणि तिला डोहाळे लागले कुड्याच्या फुलांच्या भाजीचे! वैशाखात आगगाडीनं पाठवली तर फुलांचा वाटेतच चिखल व्हायचा.

तेवढ्यात मला साहेबांबरोबर विमानानं हैदराबादला जायचा हुकूम आला. भाऊ फुलांचं गाठोडं ओल्या फडक्यात बांधून नागपूरपर्यंत माझ्यासोबत आले, स्टेशन आलं की पाणी शिंपत. सोनेगावच्या विमानतळावर त्यांनी गणवेशातल्या एका गृहस्थाला गाठलं.

"साहेब, इथून हैद्राबाद किती दूर?"

"अडीचशे मैलांच्या वर. दोन तासांच्या आत पोचतं विमान."

"मैल राहू द्या. पान जगते का?"

गृहस्थ माझ्याकडे पाहू लागले. भाऊंनी फाटकाजवळच्या कडुनिंबाची डहाळी तोडून माझ्या हातात दिली. "बाबू, इनं मान टाकली तं भाजी देऊ नका. पोटुशीले शिळं नाई चारत."

हैदराबादच्या विमानतळावर, बेगमपेठेला, उतरलो तेव्हा डहाळी ताठ होती. विमान मीच चालवल्यासारखा मला आनंद झाला. पण रेल्वेच्या चाळीपर्यंत टांग्यात ऊन लागलं आणि पानं लोंबली. फुलं मात्र फडक्यात ताजी होती. मी दोन्ही यमुनाच्या हाती दिली.

तिनं आधी डहाळीच घेतली. लोंबलेल्या पानांवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबाले सांगजा, हिरवीगार होती."

परतल्यावर मी तसंच सांगितलं. भाऊ हसले. "वैशाखाच्या उनात? लबाड हाय पोट्टी." मग हळूच विचारलं, "खाल्ली ना तिनं?"

"माझ्यासमोर. कढई उतरायच्या आधीच."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "लय उपकार झाले, बाबू."

त्या पेजेचे आभार मी कधी मानले नव्हते, ते त्या दिवशी मानले. त्यांना ते आठवतही नव्हतं. डोळे पुसायला ते पाठमोरे झाले, तेव्हा मीच विषय बदलला. "मग भाऊ, हैदराबाद किती कोस ठरलं?"

"पोरगी म्हणते एक नाई झाला," ते म्हणाले, "तं नाई झाला."