भिंतीपलीकडचे मधूअण्णा

मधूअण्णा कुठल्याही लॉजचं नाव पाहुण्यांना सुचवायच्या आधी तिथल्या पलंगावर दुपारचं झोपून बघत. नुसतं बसून नाही, चप्पल काढून, कुशीवर वळून, घोरेपर्यंत. वसईतल्या निदान दोन लॉजमधून त्यांना मॅनेजरने हात धरून बाहेर काढलेलं आहे. त्यांचं त्यावर एकच म्हणणं असे, "ज्या गादीवर मी झोपलो नाही, तिच्यावर मी दुसऱ्याची आत्या कशी झोपवू?"

ते आमचे शेजारी. आमची आणि त्यांची एक भिंत सामाईक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. सातिवलीच्या एका गोडाऊनवर आयुष्यभर कीपर होते आणि निवृत्तीनंतर बिल्डिंगमधल्या प्रत्येक लग्नातल्या पाहुण्यांच्या जाण्यायेण्याचा आणि उतरण्याचा ताबा त्यांनी स्वतःहून घेतला होता. पाहुण्यांना ते माल म्हणत. म्हाताऱ्या आत्या-मावश्या म्हणजे काचेचा माल: तळमजला, संडास जवळ. गाडी लागणारे तो ओला माल: पुढची सीट, खिडकी, अर्धं लिंबू. रात्री 'बसणारे' मेहुणे तो ज्वालाग्राही माल, त्यांच्या खोल्या शेवटच्या. "पाहुणा पोचला, झोपला आणि सकाळी त्याचं पोट साफ झालं की लग्न लागलं म्हणून समजायचं," ते म्हणत. "मंत्र काय, भटजी म्हणतोच."

माझ्या मुलीचं, केतकीचं लग्न दापोलीकडच्या समुद्रकाठच्या रिसॉर्टवर ठरलं. मुलाकडच्यांची हौस. आमच्याकडे मासे घेऊन येणारी पाचूबंदरची फिलोमिना म्हणाली, "का वो, आमचं पानी खारट नाय काय?" मी हसलो. अण्णा हसले नाहीत. "ती बरोबर बोलते, पण आता मुद्दा वाहतुकीचा आहे," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीने दापोलीला निघाले.

रिसॉर्टवर त्यांनी सगळ्या खोल्यांमधले पलंग दाबून पाहिले. नळ सोडले. बादलीत पाणी भरून ती उचलून बघितली, कारण "भरलेली बादली म्हातारीला उचलवते का, ते बघायला लागतं." शेवटी कोपऱ्यातल्या एका खोलीत आडवे झाले. मी खुर्चीत बसून होतो. डोळे मिटल्यामिटल्याच ते म्हणाले, "सतीश, एक सांगू? गाद्या सगळीकडे सारख्याच असतात रे. मी भिंत बघतो."

"भिंत?"

"पलीकडे कोणी खोकलं, भांडं पाडलं, ते ऐकू यायला हवं. तेवढं आलं की मला झोप लागते. घरी तुमच्या केतकीचं पाठांतर ऐकू येतं ना, त्यावर माझं चालतं."

आणि ते घोरायला लागले. इतके, की बाहेर झाडणारा माणूस आत डोकावून गेला.

ते घोरणं ऐकतानाच मी ठरवलं की अण्णांना लग्नाला न्यायचं नाही.

कारणं माझ्याकडे भरपूर होती. खोल्या दोघा-दोघांच्या, अण्णांसोबत झोपणार कोण? पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण हे, की हा माणूस माझ्या विहीणबाईंच्या खोलीत शिरून त्यांच्या पलंगावर आडवा होईल आणि गादीबद्दल दोन शब्द बोलेल, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला त्यांची लाज वाटली. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोला, अंजलीलाही नाही.

आमच्यात हातावर अक्षता दिल्याशिवाय बोलावणं होत नाही. मोबाइलवरची पत्रिका ही बातमी, बोलावणं नव्हे. हा नियम अण्णाच सगळ्यांना बजावत. तेव्हा मला काहीच करायचं नव्हतं. फक्त अक्षता द्यायच्या नव्हत्या. अंजलीने त्यांची पुडी बांधून माझ्या हातात दिली होती. "दिल्यास का अण्णांना?" तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात अण्णांनी जिन्यात मला थांबवलं. "नाकाला लावायची पट्टी मिळते म्हणे. घोरणं कमी होतं. तू वापरलीयस का कधी?"

"नाही बुवा," मी म्हणालो आणि खाली उतरलो.

निघायच्या दिवशी सकाळी बस डेपोबाहेर उभी होती. अण्णा आमच्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅग. कमलमावशीला त्यांनी स्वतः धरून चढवलं, ओल्या मालाला लिंबं वाटली, ड्रायव्हरला बजावलं, "माणगावला थांबायचं म्हणजे थांबायचं. म्हाताऱ्यांना 'आता येईलच' सांगायचं नाही."

सगळे बसले. अण्णा दाराच्या पायरीशी उभे राहिले.

"अण्णा, चढा की. मागे जागा आहे," अंजली म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलकडे पाहिलं.

"नाही गं," ते म्हणाले. "मी गोडाऊनकीपर. माल गेला की शटर ओढायचं."

बस हलली तेव्हा मला त्यांची बॅग दिसली. बाजूच्या कप्प्यातून औषधाच्या दुकानाचं पाकीट डोकावत होतं. त्यावर नाकाचं चित्र होतं.

"काय हे? ऐनवेळी असे का करतात?" अंजली म्हणाली.

"स्वभाव," मी म्हणालो.

लग्न उत्तम झालं. एकही म्हातारी पडली नाही, कोणालाही बादली जड झाली नाही. विहीणबाई म्हणाल्या, "तुमची व्यवस्था म्हणजे अगदी काटेकोर हो." मी मान डोलावली.

परत आल्यावर लाडू आणि ती पुडी घेऊन मी शेजारी गेलो. अण्णांनी दार उघडलं. "पोचले सगळे?"

"पोचले."

"झोपले?"

"झोपले." मग मला पुढचं कोरडं बोलणं जमेना. पुडी पुढे केली. "अण्णा, या तुमच्या अक्षता. माझ्याकडेच होत्या. मी मुद्दामच..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "अंजली पुड्या बांधत होती तेव्हा मी तिथेच होतो की. 'ही तुमची, अण्णा,' म्हणाली. म्हणून तर बॅग भरली. म्हटलं, सतीश विसराळू, बसजवळ तरी खिशातून काढील."

त्यांनी लाडू घेतला. पुडी माझ्याच हातात राहिली. "लग्न लागल्यावर या कोणावर टाकायच्या?" एवढंच म्हणाले आणि दार लावलं.

आता बिल्डिंगमध्ये कोणाचं लग्न निघालं तर अण्णा म्हणतात, मोबाइलला विचारा, तो सांगतो. लॉजवर झोपायला जात नाहीत.

केतकीची खोली रिकामी आहे. दुपारी मी तिथे भिंतीला लागून आडवा होतो. मोठ्याने पेपर वाचतो. अधूनमधून खोकतो, मला खोकला नसताना. आम्ही परत आलो त्याच आठवड्यात पलीकडे पलंग ओढल्याचा आवाज आला होता. तो आमच्या भिंतीपासून लांब ओढला की जवळ, ते इकडून कळत नाही. घोरणं ऐकू आलं की कळेल. अजून आलेलं नाही.