परसातलं बुजगावणं

माझे सासरे, साखरशेतचे जिवामामा, यांची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे : जावयाच्या हाताला माती लागत नाही. मी मोखाड्यात सरकारी कारकून. माझ्या हाताला शाई लागते, तीही स्टॅम्प पॅडची. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी मामा माझे तळवे बघून सुस्कारा सोडतात. म्हणून या पावसाळ्यात ठरवलं, परसात भाजीचा वाफा करायचा आणि मामांना त्यातलीच भाजी खाऊ घालायची.

मोबाईलवर टिपांना काय तोटा! पहिलीच टीप : वाफ्यात तणाची काडी ठेवू नका. बायकोला, म्हणजे सपनाला, न विचारता (विचारलं असतं तर हे सांगायची वेळच आली नसती) चार दिवस सकाळी उपटत बसलो. गोल पानांचं हिरवंगार तण! टोपल्याच्या टोपल्या कुंपणापलीकडे गोजाबाईंच्या अंगणात ओतल्या. एरवी ही बाई वाळक्या पानावरून भांडते. या वेळी हसून म्हणाली, "टाका भावजी, आनखी टाका!" मला अगदी भरून आलं.

एकच रोप ठेवलं, वांग्याचं. त्याला केळीच्या सालींचं पाणी, अंड्यांची टरफलं, माझ्या वाटणीचा अर्धा चहा, सगळं पाजलं. रोप आधीच माझ्या कमरेला लागत होतं, आता आणखी तरारलं.

रविवारी मामा जीपमधून उतरले ते थेट परसात.

"जावई, ह्यो धोतरा कशाला पोसलाय?"

"मामा, वांगं आहे ते."

"खाऊ नका म्हंजे झालं. आन् टाकळा कुठंय? सपना फोनवर म्हनली, वाफाभर उगवलाय. त्याच्यासाठीच तर आलो."

पावसामुळे आठवडाभर परसात न फिरकलेली सपना धावत आली. "अगं बाई! अहो, टाकळा कुठं गेला?"

(मी जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेला. टाकळा आयुष्यभर ताटात पाहिला, मुळासकट पहिल्यांदाच भेटला.) सहा वर्षांत पहिल्यांदाच मामा हौसेने आले होते आणि मी त्यांची भाजीच फेकून दिली होती.

तेवढ्यात गोजाबाई झाकलेलं पातेलं घेऊन हजर. "घे गं सपना, टाकळ्याची भाजी. भावजींचा हात लई सढळ, चार दिस आम्ही हेच खातोय!"

मामा असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. नागलीच्या भाकरीबरोबर पातेलं पुसून खाल्लं, माझा हात धरून नखं पाहिली आणि म्हणाले, "लागली बाबा, माती लागली एकदाची!" खरं सांगतो, प्रमोशनलासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

दुपारी मामांनी कोपऱ्यात वाचलेल्या टाकळ्याच्या चार रोपांपाशी बुजगावणं उभं केलं. अंगात माझाच ऑफिसचा जुना शर्ट.

"मामा, याचं तोंड घराकडं झालंय. पाखरं तर पलीकडून येतात."

"पाखरं कुठं काय उपटतात?" मामा म्हणाले.