चंद्रभानभाऊंची भुवई

वांग्यांचा ढीग खुशालरावांच्या नावावर तुटला, तेव्हा चंद्रभानभाऊंनी भुवई तीनदा उचललेली होती. चौथ्यांदा उचलायच्या आत अडत्या धर्मपाल पुढच्या ढिगाकडे सरकला. आधी मेथी अशीच गेली होती, मग फुलकोबी. आणि आता ही बाळापूरकडची चमकदार काटेरी वांगी. या वांग्यांसाठी चंद्रभानभाऊंचं धामणगाव रेल्वेचं जुनं गिऱ्हाईक रोज फोन करत होतं.

अमरावतीच्या त्या भाजीबाजारात सकाळच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, जुने व्यापारी तोंडाने बोली लावत नाहीत. प्रत्येकाची निशाणी ठरलेली. कोणी कानाची पाळी ओढतो, कोणी दुपट्टा झटकतो, खुशालराव कपाळ खाजवतात. चंद्रभानभाऊंची निशाणी भुवई. ती त्यांना वडिलांकडून मिळाली होती, बाजारातल्या गाळ्यासकट. भुवई वर गेली की किलोमागे आठ आणे वाढले. ते फक्त धर्मपालला दिसायचं, शेजारी उभ्या असलेल्या खुशालरावांना पत्ता लागायचा नाही, हीच तिची खुबी. नियम मात्र सगळ्यांना एकच होता. निशाणी दिली म्हणजे शब्द दिला. 'चुकून झालं' म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवसापासून धर्मपाल ढुंकूनही पाहत नसे, आणि धर्मपालने पाहणं सोडलं की त्या व्यापाऱ्याने गाळ्यात पोत्यावर बसून माशा हाकलायच्या.

हर्रास आटोपल्यावर चंद्रभानभाऊंनी धर्मपालला चहाच्या टपरीवर गाठलं.

"काहून बे धर्मपाल, डोळे घरी ठेवून आला का? तीनदा उचलली म्या."

"काय उचललं भाऊ?"

"भुवई."

धर्मपालने कप खाली ठेवला, जवळ आला आणि कोबीच्या गड्ड्यात अळी शोधावी तसं त्यांचं कपाळ न्याहाळलं. "राग नका येऊ देऊ," तो म्हणाला, "पण भुवई हाये कुठं?"

घरी येऊन चंद्रभानभाऊ आरशासमोर उभे राहिले. धर्मपाल खोटं बोलला नव्हता. डोळ्यांच्या वर जिथे काळीभोर रेघ असायची तिथे पीक सोंगून नेलेल्या वावरातल्यासारखे चार-दोन पांढुरके धस उरले होते. पापण्यांचंही तेच. त्यांनी शकुनबाईंना हाक मारली आणि हे कधी झालं म्हणून विचारलं. शकुनबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या की लय दिस झाले, मले वाटलं तुमाले माईत असन.

निशाणी बदलता आली असती. पण निशाणी बदलणं म्हणजे माणूस म्हातारा झाला हे बाजारात दवंडी पिटून सांगणं. ते चंद्रभानभाऊंना मान्य नव्हतं. भुवई गेली असेल तर भुवई परत आणायची.

शकुनबाईंचा उपाय एरंडीच्या तेलाचा होता. त्यांच्या आईने सात लेकरांच्या पापण्या एरंडीच्या तेलावर वाढवल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. चंद्रभानभाऊ झोपताना तेल चोपडू लागले. तेल घट्ट आणि चिकट. ते पाझरून डोळ्यांत उतरायचं, सकाळी उशीची खोळ चेहऱ्यासकट उठायची. भुवई काही उठेना. मग मोबाईलवर एका बाईने कांद्याचा रस सांगितला. कांदा घरचाच होता. रस लावल्यावर चंद्रभानभाऊ इतके रडले की शेजारणीने येऊन कोणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून विचारलं.

शेवटी त्यांनी सुनेला गाठलं. गीतांजलीचं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत होतं. तिथे दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि मध्ये फुलांचा पडदा. त्या खोलीत पुरुषाने पाय ठेवायचा नाही हा तिचा नियम होता आणि सासऱ्यालाही तो लागू होता. म्हणून चंद्रभानभाऊंनी अंगणातून, खिडकीच्या गजातून विचारलं.

गीतांजली हसली नाही. गिऱ्हाइकाला हसायचं नसतं, हे ती धंद्यात शिकली होती. तिने एक बारीक शिशी काढून दिली. झाकणाला आतून बारीक ब्रश होता. हे सिरम भुवयांना आणि पापण्यांच्या मुळाशी लावायचं, रात्री एकदाच, पातळ रेघ. आधी कानामागे लावून पाहायचं. सोबत दुसरं काहीही लावायचं नाही. आणि गुण यायला दोन महिने तरी लागतात, तोवर धीर धरायचा.

"दोन मयने? तोवर खुशालराव मले गाळ्यातून उठवते ना वो."

"मामाजी, केस आहे तो. पालक नाही."

चंद्रभानभाऊ भाजीतला माणूस. दुसऱ्याच्या वावरात चांगलं पीक दिसलं की खत कोणतं आणि किती, हे आधी विचारायची सवय. पातळ रेघ हे कंजूष माणसाचं सांगणं आहे असं त्यांचं मत पडलं. रात्री त्यांनी सिरम लावलं. पहाटे बाजारात निघताना पुन्हा लावलं. त्यावर कांद्याचा रस लावला, कारण थोडा उरला होता, आणि सगळ्यावर एरंडीचं तेल, म्हणजे आतला माल सुकणार नाही. कानामागे काही लावलं नाही. कानामागे भुवई नव्हती.

त्या दिवशी थंडी कडक होती आणि बाजार सांबाराने हिरवागार झाला होता. सांबार म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने टेम्पोच्या टेम्पो उतरले होते आणि घेणारा कोणी नव्हता. व्यापारी खिशात हात घालून उभे होते. रामराव नावाचे एक म्हातारे शेतकरी आपल्या ढिगाशेजारी असे बसले होते, जसं कोणाला दवाखान्यात आणलंय.

धर्मपालने पडेल भावाने सुरुवात केली. त्याच्या मनाला वांग्यांची बोच होती. आज चंद्रभानभाऊंच्या कपाळावरून नजर हटवायची नाही, असं तो घरूनच ठरवून आला होता. आणि आज तसं करणं सोपं होतं. वरच्या दिव्याच्या उजेडात एरंडीचं तेल असं चमकत होतं की भुवईची जागा गेटवरूनही दिसली असती.

नेमकी तेव्हाच खाज सुटली.

आधी मुंगी चालल्यासारखं झालं, मग मुंग्यांची वरात निघाली. भुवई आपोआप वर गेली. धर्मपालने मान डोलावली आणि भाव वाढवला. चंद्रभानभाऊंनी ती खाली दाबायचा प्रयत्न केला, तर दुसरी वर गेली. हात उचलून कराकरा खाजवावं, एवढीच त्यांची त्या क्षणी देवाकडे मागणी होती. पण कपाळ खाजवणं ही खुशालरावांची निशाणी. दुसऱ्याच्या निशाणीने बोली लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि भुवया मोकळ्या सोडल्या.

खुशालरावांनी पाहिलं, सांबाराचा भाव वाढतोय आणि धर्मपाल चंद्रभानभाऊंवरून नजर काढत नाही. त्यांनी सरळ हिशेब केला. चंद्रभान हात बांधून शांत उभा आहे म्हणजे पक्की खबर आहे. कुठेतरी मोठी पंगत असणार. त्यांनी कपाळ खाजवलं. इकडे भुवई उडाली. त्यांनी पुन्हा खाजवलं. भुवई पुन्हा उडाली. ज्या सांबाराला घटकाभरापूर्वी कोणी पायाने सरकवत नव्हतं त्याचा भाव मेथीच्या पुढे गेला, तेव्हा खुशालरावांनी हात खिशात घातला. ढीग चंद्रभानभाऊंच्या नावावर तुटला. मग दुसरा, मग तिसरा. खाज थांबेना आणि धर्मपालही थांबेना. हर्रास संपली तेव्हा बाजारातली सांबाराची एकूण एक जुडी चंद्रभानभाऊंची झाली होती.

धर्मपाल जवळ आला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "भाऊ, इतला सांबार करता काय?"

हीच ती वेळ होती. औषधाने खाज सुटली होती, माझी बोली नव्हती, एवढं सांगितलं की सुटका. पण सांगितलं की पस्तीस वर्षांचा शब्द गेला, आणि वर सुनेच्या पार्लरची गोष्टही बाजारभर झाली. चंद्रभानभाऊंनी तोंड उघडलं. तेवढ्यात रामराव उठून आले, त्यांनी दोन्ही हातांनी चंद्रभानभाऊंचा हात धरला. "मी तं ढोराईले टाकणार होतो भाऊ," ते म्हणाले.

चंद्रभानभाऊ धर्मपालकडे वळले. "लागते," ते म्हणाले.

गाळ्यात मावला तेवढा सांबार गाळ्यात, उरलेला टेम्पोने घराच्या अंगणात आला. तुळशीवृंदावन शेंड्यापर्यंत बुडालं. शकुनबाईंनी एकदा अंगणाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं, परातीत बेसन काढलं आणि सांबारवड्यांच्या तयारीला लागल्या. एवढा सांबार संपवायला त्यांना दिवाळीपर्यंत वड्या तळाव्या लागल्या असत्या.

चंद्रभानभाऊ डोळ्यांवर थंड पाण्याची पट्टी घेऊन बाजेवर आडवे पडले होते. दोन्ही भुवयांच्या जागी लाल, फुगीर पट्टे उठले होते. गीतांजलीने पट्टी बदलता बदलता चौकशी केली आणि उत्तर ऐकून तिचा हात थांबला.

"तिन्ही लावलं? एकावर एक?"

"मिश्र खतानं पीक जोमात येते ना."

यावर गीतांजलीने सुनेने बोलू नये असे चार शब्द ऐकवले आणि सासऱ्याने ऐकून घेतले. खाज पूर्ण जाईपर्यंत काही लावायचं नाही, नंतर सिरम रोज ती स्वतः लावून देईल, पातळ रेघ, खिडकीतून.

दुपार उतरायला लागली आणि अंगणाच्या फाटकाशी पहिली हातगाडी थांबली. मग दुसरी. गाडीवाल्यांची तक्रार सारखीच होती. अमरावतीत बाई भाजी घेते ती वरून मूठभर सांबार फुकट मिळणार या हक्काने. आज कोणाकडे काडी नव्हती. बाया भाव करत होत्या, भाजी पिशवीत टाकत होत्या, सांबार विचारत होत्या आणि भाजी परत गाडीवर ओतून निघून जात होत्या. फुकट द्यायच्या वस्तूसाठी गाडीवाले रोख मोजायला तयार होते. चंद्रभानभाऊंनी पट्टी थोडी वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि शकुनबाईंना वड्या थांबवायला सांगितलं.

सगळ्यांत शेवटी खुशालराव आले. फाटकातच उभे राहिले.

"आज घेतलेले वांगे पडून हाये माये," ते म्हणाले. "बाया हातात घेते, सांबार इचारते अन् ठेवून देते. काही जमते का पाय बावा."

"जमते ना. वांगे देऊन जा."

व्यवहार तिथेच झाला. वांगी संध्याकाळच्या गाडीने धामणगावला रवाना झाली. जाताना खुशालरावांच्या पोटातला प्रश्न बाहेर पडलाच. "पण तुले समजलं कसं, का आज सांबारच धराचा?"

"अंदाज," चंद्रभानभाऊ म्हणाले आणि पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढली. खाली सूज होती.

त्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव झालं. आणि गीतांजलीच्या पातळ रेघेने आपलं काम चुपचाप केलं. उन्हाळा लागता लागता चंद्रभानभाऊंच्या भुवया आल्या, आणि आल्या त्या वडिलांच्याही कधी नव्हत्या इतक्या दाट. पापण्या चष्म्याच्या काचा पुसू लागल्या. शकुनबाई एकदा पोळ्या लाटताना त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या आणि मग उगाचच तव्यावर ओरडल्या.

घरी आनंद होता. पंचाईत बाजारात झाली. भुवई आता धर्मपालला दिसायची तशी सगळ्यांनाच दिसायची. चंद्रभानभाऊंनी ती भेंडीवर जराशी हलवली की दहा जण भेंडीवर तुटून पडायचे, कारण चंद्रभानभाऊंचा अंदाज चुकत नाही. भाव आभाळाला भिडायचा आणि ते रिकाम्या हाताने परत यायचे. एकदा गेटवर कुत्रं केकाटलं म्हणून त्यांनी तिकडे पाहिलं, तर मुळ्याचा भाव दुप्पट झाला. धर्मपालने त्यांना बाजूला घेऊन हात जोडले. "भाऊ, कमी करा ना थोडी."

म्हणून एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, पार्लरचा नियम मोडण्यात आला. चंद्रभानभाऊ फुलांच्या पडद्यामागच्या खुर्चीत बसले. गीतांजलीने दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं आणि उजव्या भुवईला सुरुवात केली. पहिल्या ओढीलाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाया हे दर महिन्याला पैसे देऊन करून घेतात, हे समजल्यावर त्यांना साऱ्या स्त्रीजातीविषयी आदर वाटला. उजवी झाली. डावी घ्यायची, तोच दार वाजलं.

गीतांजली पडदा सारून बाहेर गेली. दारात तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला एक माणूस होता. बायकांच्या जागेत आलो याची त्याला इतकी लाज वाटत होती की नजर त्याने आपल्या चपलांवरून उचलली नाही. पण आवाज पडद्यामागे लगेच ओळखू आला. खुशालराव होते.

त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. चंद्रभाननं नुसती भुवई हलवली का सारा बाजार हलते. हा मान आपल्याले बी पायजे. त्यांच्या घरच्यांनी चौकशी काढली होती, शिशी इथेच मिळते. गीतांजली चाचरली. या माणसाला शिशी द्यावी की नाही हे तिला ठरवता येईना. हे लय सांभाळून लावावं लागते, सध्या माल कमीच आहे, असं काहीबाही ती सांगू लागली.

पडद्याची कड किंचित हलली. आतून एक हात बाहेर आला. त्यात फळीवरची सर्वांत मोठी शिशी होती.

खुशालरावांनी खाली मान घालूनच ती घेतली, दुपट्ट्याच्या टोकात बांधली आणि पडद्याच्या दिशेने दोन्ही हात जोडले.

"आत ज्या बाई बसल्या असतीन," ते गीतांजलीला म्हणाले, "त्याईले माया नमस्कार सांगजो. लय मोठ्या मनाच्या हाये."

दार बंद झालं. चंद्रभानभाऊंनी मान मागे टेकली, डोळे मिटले आणि डावी भुवई पुढे केली.