ठोके मंद पडलेत

संगीतातलं मला कळतं! हे मी अगदी नम्रपणे सांगतोय. श्रवणयंत्रांच्या दुकानात चौदा वर्षं लोकांचे कान तपासून माझे कान इतके तयार झालेत, की शेजाऱ्यांचा फ्रीज कोणत्या सुरात घुरघुरतो तेही सांगेन!

म्हणूनच धाकट्या बहिणीने नवा अल्बम आधी मला ऐकवला. ती आणि तिचा नवरा, दोघांचीच जोडी. सिंथपॉप वाजवतात, म्हणजे दोन कीबोर्ड, ताल देणारं एक यंत्र आणि हिचं गाणं. आजवरची गाणी अशी, की भांडी घासणारा माणूसही कढईसकट नाचेल! हा अल्बम मात्र काळाकुट्ट. शेवटच्या नऊ मिनिटांच्या गाण्यावरून तर दोघांचं तीन दिवस बोलणं बंद! तो म्हणे कापू, ती म्हणे हात तर लाव!

"दादा, आज संध्याकाळी कंपनीला पाठवायचाय. बरं-वाईट काय ते स्पष्ट लिही, ह्यांच्यापुढेच ठेवते."

लिहिलं! गिऱ्हाईकाच्या कानाचा साचा वाळेपर्यंत लिहून काढलं:

"धाकटीचं आणि जावईबापूंचं, दोघांचं नीट तपासलं. लपवत नाही. ठोके फार मंद पडलेत, पूर्वीचा जोर उरला नाही. तिचा आवाज खोल विहिरीतून येतो, पण तोच जीव धरून ठेवतो. चौथ्यानंतर गुदमरायला होतं. सातव्यात जरा उजेड दिसतो. शेवट मात्र उगाच लांबवलाय. आजच आटोपून टाका."

आणि पाठवलं. बहिणीला नव्हे. घरच्या ग्रुपवर!

पाचव्या मिनिटाला आईचा फोन. "ठोके मंद पडलेत आणि तू दुकानात बसलायस?"

"अगं, त्यांनी मुद्दामच मंद ठेवलेत!"

"मुद्दाम?" पलीकडे हातातून फोन पडल्याचा आवाज. मग बाबा: "आम्ही निघालोय. मावशीलाही घेतलंय!"

मावशी निवृत्त नर्स. मी साचा गिऱ्हाईकाच्या हातात कोंबून पळत सुटलो.

बहिणीच्या गाण्याच्या खोलीच्या दारात आम्ही सगळे एकदमच आदळलो. आतलं दृश्य? पडदे ओढलेले, कोपऱ्यात तालाचं यंत्र धपधपतंय. जावईबापू जमिनीवर आडवे, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर पिठासारखी पावडर. उशाशी बहीण, डोळ्यांभोवती काळं फासून. अल्बमच्या मुखपृष्ठाचा फोटो काढत होते हो! पण आईने जी किंकाळी फोडली, ती ऐकून फोटोग्राफर शिडीवरून थेट गादीवर!

मावशीने झडप घालून जावयाचं मनगट धरलं. "नाडी लागतेय! पण चाळीसच!"

"मावशी, ते गाण्याचे ठोके आहेत!" मी ओरडलो. "खोली हादरतेय!"

यंत्र बंद केलं. नाडी एकशे दहा निघाली. मावशीचीही तेवढीच!

सगळं उलगडल्यावर आई धप्पकन खुर्चीत बसली. "आता ऐकवाच. एवढं काय आहे त्यात?"

सबंध अल्बम तिने डोळे मिटून ऐकला. नऊ मिनिटांचं गाणं संपलं तेव्हा तिने पदराने डोळे टिपले.

"मधली दोन गाणी एकसारखी आहेत, एक काढा," ती म्हणाली. "ठोके मंदच बरे. इतकी वर्षं ही नुसती हसून गायची, आज खरी गायली. आणि शेवटचं कापू नका. माणूस निरोप घेताना दारात रेंगाळतोच की!"

जावई बहिणीकडे बघायला लागले. "राहू दे तर मग," ते म्हणाले. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य! बहिणीने डोळ्यांचं काळं त्यांच्या शर्टाला पुसलं. शुक्रवारी सगळ्या नातेवाइकांना इथेच अल्बम ऐकवायचं ठरलं. माझं मत कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यात ग्रुपवर थोरल्या काकांचा मेसेज आला: "आत्ताच वाचलं. किती वाजता आहे?"

निदान काकांना तरी संगीताची कदर आहे! मी भरल्या मनाने लिहिलं, "शुक्रवारी संध्याकाळी सहाला, याच घरी. सगळ्यांना घेऊन या!"

काका शुक्रवारी बरोबर सहाला आले. सोबत अकरा माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. हातात भलंमोठं पुष्पचक्र!