तीन टाक्यांची मोहीम

शके एकोणीसशे शेहेचाळीस, मार्गशीर्ष मास, ऊसतोड ऐन भरात, ते समयी मौजे कुंडल येथे एका लोखंडी गजराजावर भंगाराचे संकट गुदरले, त्याची हकीकत येणेप्रमाणे. कैलासवासी नाथाजीरावांचा विलायती ट्रॅक्टर गोठ्याशेजारी बहुत वर्षे नजरकैदेत होता, आणि नातू विश्वजीतराव यांनी फर्मान काढिले की, नववे रोजी दिवस मावळेतो हा भरली ट्रॉली घेऊन ओढ्याचा चढ चढला तर राहील, नाही तर भंगाराचे टेंपोत जाईल. आजीसाहेब बनुबाई, उमर ब्याऐंशी, यांस अन्न गोड लागेना. लग्न होऊन त्या याच ट्रॅक्टरावरून कुंडलात आल्या होत्या.

भाऊसो फिटरांनी आठ रोज झुंजून इंजिन मोकळे केले, आणि मग मिरजेहून मोठ्या शिकस्तीने पैदा केलेले रॉकेल भरून हँडल मारिले, तो हँडल उलटले आणि भाऊसोंचा अंगठा जायबंदी जाहला.

मग बनुबाई उंबऱ्यावरून उठल्या. "गार इंजिनाला रॉकेल पाजतोस व्हय रं? आदी पेट्रोल. तापलं की मग रॉकेल."

"आज्जी, तापलं कसं कळायचं?" भाऊसोंनी पुसिले.

"तवा तापलेला कसा कळतो? तुज्या बायकूला इचार."

त्यांचे हुकुमावरून कार्बोरेटरातले रॉकेल सांडिले, विश्वजीतरावांचे मोटारसायकलीतून पेट्रोल जप्त करून दुसरे टाकीत ओतिले, आणि तिसऱ्या हँडलास गजराज गरजला. मग बाईंनी इंजिनाचे कुशीवर पाण्याचे शिंतोडे मारिले, ते चर्र होऊन उडाले, तेव्हा इंधनाचा कॉक रॉकेलाकडे फिरविला, उसाची भरली ट्रॉली जोडविली, स्वतः मडगार्डावर आरूढ जाहल्या, भाऊसो सारथ्यास बसले, आणि कूच केले.

निम्म्या चढावर इंजिन ठणठण ठोके देऊ लागले. भाऊसोंचा धीर सुटला. बाईंनी हात लांबवून तिसरे, लहान टाकीचा कॉक उघडिला. तीत बाईंनी निघतेवेळी भरविलेले पाणी होते.

"आज्जी, इंजिनात पाणी? बुडालं सगळं," विश्वजीतराव बाजूने धावत बोलले.

"तुज्या आज्यानं चाळीस वर्सं हेच बुडवलं. व्हो बाजूला."

थेंब थेंब पाणी इंजिनाचे श्वासात उतरले, आतला दाह निवाला, ठोके थांबले, आणि उन्हे असताना ट्रॉली डांबरी सडकेस लागली. फत्ते जाहली.

पुढे टेंपो रिकामा गेला. भाऊसोंचा अंगठा पंधरवड्यात बरा जाहला. ते हल्ली हँडल मारण्यापूर्वी बाईंची परवानगी घेतात. विश्वजीतरावांनी मोटारसायकलीचे टाकीस कुलूप घातले. बनुबाईसाहेब त्याच मडगार्डावरून गुडघे दाखवावयास गेल्या; डॉक्टरांनी चढउतार मना केला, तो हुकूम बाईंनी दाखल करून घेतला नाही.