सासूबाईंच्या नावाचं झाड

नव्या झाडाला सासूचं नाव देणारा आपल्यासारखा जावई शोधूनही सापडणार नाही, असं देठमास्तरांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत आणि झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्यांचा, म्हणजे फर्नचा, अभ्यास करत. खोड आणि पानाचा देठ आडवा कापायचा, आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या कशा मांडल्यात ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि त्यावरून जात ठरवायची. सासूबाई या कामाला अकरा वर्षं 'भाजी चिरणं' म्हणत आल्या होत्या. ते मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

यंदा वादळात डोंगरावरच्या बागेत हे नेचे पडल्याचं कळलं आणि मास्तरांनी तिथल्या माळीबुवांना नमुने पाठवायला सांगितलं. दोन पिशव्या आल्या. पहिलीतल्या देठात नळ्यांचे ठिपके मोजून एकोणतीस निघाले, दुसरीतल्यात फक्त नऊ. खोडं मात्र हुबेहूब सारखी! इथे दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. मास्तरांना आनंद झाला. 'खोडांत आश्चर्यकारक साम्य, देठांत मूलभूत फरक' असं लिहून त्यांनी शोधनिबंध एका नियतकालिकाला धाडून दिला. दुसऱ्या पिशवीतली जात नवी ठरली आणि तिला सासूबाईंचं नाव मिळालं.

घरातली हवाच बदलली. सासूबाई त्यांना 'आमचे शास्त्रज्ञ' म्हणू लागल्या. मास्तर वर्तमानपत्र वाचत असले की त्या टीव्हीचा आवाज कमी करत. मास्तरांना हे सुख इतकं नवं होतं की ते मुद्दाम जाहिरातीसुद्धा वाचत बसायचे.

मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला माझं झाड बघायचंय."

"पडलंय हो ते."

"पडलेलं तर पडलेलं. माझंच आहे ना?"

दोघं बागेत पोचले. माळीबुवांनी त्यांना ओलसर वाटेने एका बुंध्यापाशी नेलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. "हे माझं?"

"नाही, हे साधं असणार," मास्तर म्हणाले. "बुवा, दुसरं कुठाय?"

"दुसरं कसलं, साहेब?"

"दुसरं झाड. दोन पिशव्या पाठवल्या होत्या ना तुम्ही?"

"झाड एकच पडलं. पण पान केवढं लांब! एका पिशवीत मावेना. म्हणून देठाचं बूड एकीत भरलं आणि शेंड्याकडचं दुसरीत. खोडाचेही दोन तुकडे केले, एकाच पिशवीवर भार नको म्हणून."

मास्तरांनी मनातल्या मनात तो देठ पुन्हा कापला. देठ बुडाशी कापला तर ठिपके पुष्कळ दिसतात. वर जाता जाता ते एकमेकांत मिसळतात आणि कमी होतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मास्तर स्वतःच शिकवत. एकाच पानाच्या दोन टोकांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या.

"म्हणजे माझं झाड नाहीच?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे, पण ते आधीपासूनच दुसऱ्या नावाचं आहे. निबंध मागे घ्यावा लागेल."

सासूबाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. सासूबाईंना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि ते बघून मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

परतताना गाडीत सासूबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांची नावं आणि नंबर आहेत. एकेकीला फोन करून तुम्हीच सांगा."

बेचाळीस नंबर होते. सगळ्यात वरचा मास्तरांच्या स्वतःच्या आईचा.

मास्तरांनी गाडी कडेला घेऊन फोन लावला आणि सगळी हकिगत सांगितली. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "महिनाभर मी तुझ्याशी बोलत नव्हते. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का?"