आधुनिक अमेरिका आणि मुलुंडची लिफ्ट

मुलुंड पूर्वेच्या एका महाविद्यालयात तृतीय वर्ष कला शाखेला 'आधुनिक अमेरिकेचा इतिहास' हा विषय आहे. त्याला बारा विद्यार्थी. त्यांतल्या नऊ जणांना मानसशास्त्र हवं होतं. ते भरलं म्हणून त्यांना अमेरिका मिळाली. विनिता घाडीने मात्र ती स्वतःहून मागितली होती, त्यामुळे ऑफिसातल्या क्लार्कने तिचा फॉर्म दोनदा तपासला.

विषय शिकवायला प्रा. चंद्रप्रकाश टिपणीस. काळ्या माणसांना वेगळा नळ, वेगळा बाक, बसमध्ये मागची जागा, हे सांगताना सरांचा आवाज घोगरा व्हायचा. शिवणकाम करणारी एक बाई बसमध्ये जागेवरून उठली नाही, या प्रसंगापाशी आले की ते चष्मा काढून पुसायचे. दर वर्षी, त्याच तासाला.

यंदा वरून परिपत्रक आलं. प्रत्येक प्रकल्पात 'स्थानिक संदर्भ' बंधनकारक. चाळीसपैकी सोळा गुण न मिळाल्यास पदवी नाही. अकरा जणांनी मॉलमधल्या बर्गरवर अकरा प्रकल्प लिहिले. विनिताने बावीस पानं अमेरिकेवर लिहिली आणि तेविसाव्या पानावर एका टॉवरच्या तळमजल्याचा फोटो चिकटवला. फोटोत दोन लिफ्ट. एकीवर पाटी: 'फक्त सदस्यांसाठी'. दुसरीवर: 'नोकरवर्ग व सामान'. दुसरी पाच महिने बंद होती. या काळात सामान पहिलीतून जात होतं आणि नोकरवर्ग जिन्याने. विनिताची आई कमळ तिथे चौदाव्या मजल्यावर तीन घरी काम करायची. तिच्या गुडघ्यांचा उल्लेख तळटीपेत होता.

अडचण एवढीच, की त्या तीन घरांतलं एक टिपणीस सरांचं होतं आणि सर सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"विनिता, हा स्थानिक संदर्भ?" सरांनी विचारलं.

"हो सर. परिपत्रकात तेच मागितलंय."

"स्थानिक म्हणजे इतकं स्थानिक नाही गं! तिथे अन्याय होता. इथे लिफ्टच्या देखभालीचा प्रश्न आहे."

"मग पाटी कशाला, सर?"

सरांनी हा प्रश्न त्रिसदस्यीय समितीकडे सोपवला. समितीचे अध्यक्ष सरच होते. पाहणी निःपक्षपाती व्हावी म्हणून आदल्या दिवशी दोन्ही पाट्या काढण्यात आल्या. समितीने तळमजल्यावर उभं राहून चहा घेतला आणि अहवाल दिला: 'पाटी आढळली नाही. सबब भेदभाव आढळला नाही. लिफ्ट व जिना सर्वांस सारखेच खुले आहेत.' प्रकल्पात खोटी माहिती दिल्याबद्दल विनिताला चाळीसपैकी अकरा.

तिने घरी येऊन अहवाल आईला वाचून दाखवला. कमळ बांगडे साफ करत होती.

"म्हंजे पाटी नाय?"

"नाही. आणि आता परत लावली तर सरांचाच अहवाल खोटा ठरेल."

कमळने सुरी खाली ठेवली. "ती तुझी अमेरिकेतली बाय उठाक नाय. मगे लोकांनी काय केल्यानी?"

"वर्षभर कुणी बसमध्ये चढलंच नाही. सगळे चालत गेले."

"चालाक कित्याक व्हया? आमी पाच म्हयने चालतवच आसंव. मी आता चढतलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिपणीस सर फेरफटका मारून आले, तर सदस्यांच्या लिफ्टमध्ये कमळ उभी. सरांनी भिंतीवरच्या पाटीच्या चार भोकांकडे बघितलं.

"कमळ, ही लिफ्ट… म्हणजे आपली…"

"चौदावो ना, सायबानु? मी दाबतंय. येवा."

"नको, तू हो पुढे," सर म्हणाले. "मला अजून थोडं चालायचंय."

त्या आठवड्यात बऱ्याच सदस्यांना थोडं चालायचं होतं. शेवटी तातडीची सर्वसाधारण सभा भरली. कमळला मनाई करावी, तर अहवाल आडवा येत होता. तिला कामावरून काढावं, तर भांडी होती. तो ठराव बदली बाई मिळेपर्यंत तहकूब झाला. मग टिपणीस सर उठले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता.

"मित्रहो, दुबळ्यांच्या हाती इतिहासाने एकच शस्त्र दिलंय. बहिष्कार!"

ठराव एकमताने संमत झाला. लिफ्टची प्रतिष्ठा पूर्ववत होईपर्यंत एकही सदस्य तिच्यात पाऊल ठेवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून टॉवर पायी चढू लागला. नवव्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरने दंडाला काळी फीत बांधली. सातव्या मजल्यावर लिंबूसरबताचं टेबल लागलं. लिफ्टमधून कचरेवाला, इस्त्रीवाला आणि पार्सलवाले जाऊ लागले. कमळला पहिल्या दिवशी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तिने आतला पंखा लावला.

सरांनी विनिताला बोलावून घेतलं. बोलताना ते मांडी चोळत होते.

"तुला स्थानिक संदर्भ हवा होता ना? आता तो खऱ्या अर्थाने घडतोय. सदस्यांच्या मुलाखती घे, त्यांच्या यातना नोंदव. चोवीस गुण देतो."

"आणि तेविसावं पान?"

"ते काढ. विषयांतर होतं."

एका कुरिअर कंपनीतली नोकरी तिच्या पदवीवर अडली होती. जूनपर्यंतच थांबू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. तिने प्रकल्पाची फाइल छातीशी धरली.

"मी ऑक्टोबरला परत बसते, सर."

नोकरी तिच्या वर्गातल्याच एका बर्गरवाल्याला मिळाली. ऑक्टोबरमध्ये तिने तेच तेविसावं पान तसंच जोडलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने 'विषयाबाहेर' असा शेरा मारून सोळा गुण दिले. ती काठावर पास झाली.

सरांनी मुलाखती स्वतःच घेतल्या, शोधनिबंध लिहिला आणि एका परिसंवादात वाचला. तिथेही त्यांनी चष्मा पुसला. सातव्या मजल्यावर धापा टाकत बसलेल्या एका आजोबांचा फोटो त्यांनी सोबत जोडला होता. तो फोटो मोबाइलवर बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत फिरला. खाली मजकूर होता: 'लिफ्ट असूनही रोज चौदा मजले चढणाऱ्या सामान्य माणसासाठी दोन मिनिटं काढा.' हे का चढताहेत, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. चार हजार जणांनी खाली हात जोडले.

त्या चार हजारांची यादी सरांकडे आहे. तुमचं नाव दुसऱ्या पानावर आहे.